पेशंट हवे तेवढे आहेत

“माझ्याकडे मधुमेहाचे तीन हजार पेशंट आहेत. वर्षाला शंभर तर सहज देतो.”

नव्या औषधाच्या चाचणीची बोलणी सुरू झाली, की हे वाक्य कुठल्या ना कुठल्या केबिनमध्ये हमखास ऐकू येतं. बोलणारा डॉक्टर खोटं बोलत नसतो. कपाटात तीन हजार केसपेपर खरोखरच असतात आणि ओपीडीबाहेरच्या बाकड्यांवर टेकायला जागा नसते. त्यातले शंभर म्हणजे तिसातला एक. औषध कंपनीचा माणूसही खूश होऊन आकडा टिपून घेतो. वर्ष संपतं तेव्हा वहीत सव्वीस नावं असतात, आणि त्यातलीही पाच मधेच सोडून गेलेली.

बाकीचे कुठे गेले, हे शोधणं म्हणजेच चाचणीसाठी रुग्ण मिळवण्याचं नियोजन. या कामाला मराठीत अजून धड शब्द नाही. ‘रुग्णभरती’ म्हणावं तर आपल्याकडे पेशंट भरती होतो तो खाटेवर. आणि नुसती ‘भरती’ म्हणावं तर पोलीस भरतीचं मैदान डोळ्यांसमोर येतं. समुद्राची भरती मात्र इथे चपखल बसते, कारण तिच्यामागून ओहोटी येतेच. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ लुई लझान्या यांच्या नावाने या क्षेत्रात एक अर्धवट थट्टेचा नियम सांगितला जातो: चाचणी सुरू होताक्षणी त्या आजाराचे रुग्ण गावातून नाहीसे होतात, आणि चाचणी संपली की पुन्हा उगवतात. हार्वर्डमधले संख्याशास्त्रज्ञ ह्यूगो म्युंक यांचा नियम आणखी रोकडा आहे. डॉक्टरने कबूल केलेल्या आकड्याला निदान दहाने भागा, म्हणजे खरा आकडा हाती लागेल.

थट्टा बाजूला ठेवली तरी चित्र फारसं बदलत नाही. ब्रिटनमध्ये १९९४ ते २००२ या काळात सरकारी पैशांवर चाललेल्या ११४ चाचण्यांचा हिशेब काही संशोधकांनी मांडला. ठरवलेली रुग्णसंख्या गाठता आली ती जेमतेम ३१ टक्के चाचण्यांना. निम्म्याहून अधिक चाचण्यांना मुदत वाढवून घ्यावी लागली. जिथे प्रत्येक नागरिकाच्या आजाराची नोंद असते आणि उपचार फुकट असतात, त्या देशातली ही गत.

आता मुळात इतके रुग्ण लागतात कशाला? दहा-वीस जणांना औषध देऊन बघावं, बरे झाले तर झाले, असं कुणालाही वाटेल. पण माणसं औषधाशिवायही बरी होतात, आणि औषध घेऊनही मरतात. समजा, एका आजारात शंभरातले दहा जण दगावतात. नव्या औषधाने ते प्रमाण निम्म्यावर, म्हणजे पाचावर येत असेल, तर हा फरक नशिबाचा खेळ नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला औषध मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या अशा प्रत्येक गटात साधारण ४३० माणसं लागतात. औषध तितकं जबर नसेल आणि दहाचे आठच होत असतील, तर प्रत्येक गटात सुमारे ३,२०० माणसं लागतात. फरक जितका बारीक, तितका जमाव मोठा. आणि आजकालची बहुतेक नवी औषधं जुन्यापेक्षा थोडीशीच बरी असतात. चमत्कार करणारी औषधं आधीच्या पिढीने वापरून संपवली म्हणा ना.

संख्याशास्त्रज्ञ आकडा देतो तो शेवटपर्यंत टिकणाऱ्या माणसांचा. त्याने २०० म्हटलं आणि वीस टक्के मधेच सोडून जातील असं धरलं, तर अनेक जण पटकन चाळीस मिळवून २४० लिहितात. २४० मधले वीस टक्के गेले तर उरतात १९२. लागतील ते २५०, कारण २५० चे ऐंशी टक्के म्हणजे २००. चूक दहा माणसांचीच, पण एकेक माणूस मिळवायला पंधरवडा लागतो तिथे दहा माणसं म्हणजे पाच महिने.

इथून नियोजन करणाऱ्याला उलटं चालावं लागतं, शेवटापासून सुरुवातीकडे. आपल्या डॉक्टरांच्या तीन हजार केसपेपरांचंच बघू. पुढचे आकडे मी मांडणीसाठी घेतले आहेत, पण चाचणीतले रुग्ण सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरचं काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. तीन हजारांतले गेल्या वर्षभरात एकदा तरी फिरकलेले अठराशे. बाकीच्यांनी डॉक्टर बदलला, गाव बदललं किंवा ते वारले. चाचणीच्या वयोमर्यादेत बसणारे तेराशे. फक्त एकाच गोळीवर असलेले, आणि तरीही तीन महिन्यांची साखर ठरावीक आकड्यांच्या मधे असलेले, तीनशे. इथेच खरी कत्तल होते, कारण आपल्याकडचा मधुमेही डॉक्टरकडे येईपर्यंत दोन-तीन गोळ्यांवर नाही तर इन्शुलिनवर पोचलेला असतो. त्यातून मूत्रपिंड, यकृत, हृदय यांच्या अटी लावल्या की दोनशे. वर्षभरात या दोनशेंपैकी कोऑर्डिनेटरची समोरासमोर गाठ पडते ती एकशेदहा जणांशी. सही करतात पंचेचाळीस. चाचणीआधीच्या रक्ततपासणीत पास होतात सव्वीस. शेवटपर्यंत टिकतात एकवीस.

या उतरंडीत सर्वांत मोठी गळती चाचणीच्या लेखी आराखड्याच्या, म्हणजे प्रोटोकॉलच्या पानावरच होते, रुग्णाला कुणी काही विचारण्याच्या कितीतरी आधी. कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही याची यादी बनवताना प्रत्येक तज्ज्ञ आपापली एकेक काळजी तिच्यात घालतो. हृदयवाला म्हणतो, बायपास झालेले नकोत. मूत्रपिंडवाला म्हणतो, क्रिएटिनिन वाढलेले नकोत. कुणी म्हणतं, सत्तरीच्या वरचे नकोत. प्रत्येक अट वेगळी पाहिली तर शहाणपणाची असते. सगळ्या एकत्र केल्या की असा रुग्ण तयार होतो, ज्याला आजार आहे पण बाकी तो ठणठणीत आहे. असा माणूस दवाखान्यात कशाला येईल? आणि पुढे औषध बाजारात आलं की ते घेणार कोण, तर तेच बायपासवाले, सत्तरीपुढचे, तीन-तीन आजारांचे.

अटी सैल करण्याचा प्रकार आधुनिक चाचण्यांच्या जन्मापासून चालत आला आहे. १९४७ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी सुरू केली. कुणाला औषध आणि कुणाला नुसती विश्रांती, हे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद लिफाफ्यांतल्या चिठ्ठ्यांवर सोपवलं. औषध अमेरिकेतून येत होतं, युद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलर नव्हते, सगळ्यांना पुरेल इतकं औषध नव्हतंच. त्यामुळे चिठ्ठी टाकणं न्याय्यही ठरलं. रुग्ण हवे होते ते दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा ताजा क्षय झालेले, १५ ते २५ वयाचे. पुढे ही मर्यादा तिशीपर्यंत वाढवावी लागली. अखेर १०७ रुग्ण झाले: ५५ औषधाचे, ५२ विश्रांतीचे. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले चार मरण पावले होते, दुसऱ्यातले चौदा. विश्रांतीच्या गटातल्या रुग्णांना आपण कुठल्या चाचणीत आहोत हे सांगितलेलंच नव्हतं. संमतीची आजची सगळी कागदपत्रं त्यानंतरची.

क्षयाचीच पुढे एक मोठी चाचणी आपल्याकडे झाली, १९५६ मध्ये मद्रासला. प्रश्न असा होता, की क्षयाच्या रुग्णाला सॅनिटोरियममध्ये ठेवायलाच हवं, की घरी गोळ्या घेऊनही तो बरा होतो? ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९३ रुग्ण घेतले, शहराच्या गरीब वस्त्यांतले, दाटीवाटीच्या घरांत राहणारे. घरच्या रुग्णांकडे माणसं अवचित जाऊन थडकत, गोळ्या मोजत, लघवी तपासत. घरी राहिलेले रुग्ण सॅनिटोरियममधल्यांइतकेच सुधारले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. जगभरातली सॅनिटोरियमं ओस पडायला या १९३ माणसांचा मोठा हातभार लागला. मला या चाचणीत एक गोष्ट विशेष वाटते: रुग्ण दवाखान्यात येईल याची वाट न पाहता दवाखानाच रुग्णाच्या घरी गेला.

कारण आपल्याकडे पेशंट कागदावर पात्र असणं आणि तो ठरल्या दिवशी हजर होणं यांच्यामध्ये एसटीचं वेळापत्रक असतं. प्रोटोकॉल लिहिणारा बाझेलमध्ये किंवा बोस्टनमध्ये बसून लिहितो, की रक्त उपाशीपोटी सकाळी आठला घ्यावं. गावातून पहिली एसटी साडेसातला निघते आणि तालुक्याला नऊला टेकते. शिवाय वर्षात अशा चौदा फेऱ्या. रोजंदारीवरच्या माणसाचे चौदा खाडे, सोबत येणाऱ्या मुलाचेही चौदा. भाडं आणि बुडालेली मजुरी देण्याची तरतूद असते. पण मुकादमाने दुसरा माणूस लावला तर काम गेलं ते गेलंच, त्याची भरपाई कुठल्या बजेटमध्ये धरणार?

मग पंचांग. परदेशी कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक महिना सारखा असतो: महिन्याला दोन पेशंट, बारा महिन्यांत चोवीस. आपल्याकडे श्रावणातल्या उपवासांत आणि रमजानमध्ये मधुमेहाची चाचणी कुणी सुरू करत नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत “सण झाल्यावर बघू”. बीडसारख्या जिल्ह्यात तर दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. सप्टेंबरात तिथे शंभर रुग्ण घेतले तर तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला त्यातले निम्मे कारखान्याच्या तळावर असतील. ही माणसं ‘बेपत्ता’ नसतात. कुठल्या कारखान्यावर आहेत हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तक्त्यात मात्र त्यांची नोंद ‘संपर्क तुटला’ अशी होते.

बाळांच्या लसींच्या चाचणीत वेगळीच अडचण येते. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या भारतीय लसीची, रोटाव्हॅकची, मोठी चाचणी २०११ मध्ये सुरू झाली. दिल्ली, वेल्लूर आणि पुण्याजवळचं वढू अशा तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळं घेतली गेली. बाळ घ्यायचं ते सहा-सात आठवड्यांचं असतानाच. दाखल करायची खिडकी उघडणार जेमतेम पंधरा दिवस. ती हुकली की बाळ गेलं. आता आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. वढूच्या यादीतली गरोदर बाई सातव्या महिन्यात तेव्हाच्या अहमदनगरला किंवा बीडला गेली, तर बाळ सहा आठवड्यांचं होईल तेव्हा ती तिथेच असणार, आणि जी लेक बाळंतपणाला वढूला आली आहे ती तिसऱ्या महिन्यात सासरी परतणार. हे आधी कळायचं तर गावातली प्रत्येक गरोदर बाई, तिचं सासर, तिचं माहेर, सगळं आधी माहीत हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं वढूचं काम १९७० च्या दशकापासून, डॉ. बानू कोयाजींच्या काळापासूनचं. तिथल्या गावांतल्या जन्म-मृत्यू-स्थलांतराची घरोघर नोंद वर्षानुवर्षं होत आली आहे. लसीची चाचणी येण्याआधीच तिथे वही तयार होती. असं गाव चार महिन्यांत उभं करता येत नाही, कितीही पैसे ओतले तरी.

घरोघर जाऊन माणसं मिळवण्याचं महाराष्ट्रातलं एक फार मोठं उदाहरण मात्र बार्शी-उस्मानाबादचं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. खेड्यातला कर्करोगी आपणहून शहरात येऊन नाव नोंदवत नाही, म्हणून नोंदणीची माणसंच गावोगाव जाऊन बसत, बैठका घेत, लक्षणं सांगत, संशयित रुग्णाला बार्शीला आणत. या दहा-बारा वर्षांच्या ये-जा करण्याच्या जोरावर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी सुरू झाली. टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था तिच्यात होती. ३० ते ५९ वयाच्या, गर्भाशय शाबूत असलेल्या निरोगी स्त्रिया घ्यायच्या होत्या. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी तेरा गटांना एकेक वाटा दिला: एका वाट्यात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात नुसतं सौम्य व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं, आणि चौथ्यात कोणतीच तपासणी नाही. एकूण स्त्रिया झाल्या १,३१,७४६.

हा आकडा वाचायला सोपा आहे. तिशीच्या पुढच्या, कसलाही त्रास नसलेल्या, लेकरं-जनावरं-शेत सांभाळणाऱ्या बाईला “तुझी आतून तपासणी करायची आहे” हे सांगायचं, ते कुणी, कुठे आणि सासूच्या देखत की तिच्या मागे, याचा विचार केल्याशिवाय तो आकडा उभा राहत नाही. चिठ्ठी गावांच्या गटांवर टाकली हेही नियोजनच. एकाच गल्लीतल्या दोघींपैकी एकीची तपासणी झाली आणि दुसरीची नाही, तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चाचणी संपलीच म्हणायची. एचपीव्हीच्या वाट्याला आलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांनी तपासणी करून घेतली. मुंबई-पुण्यातल्या शिकल्यासवरल्या सोसायट्यांतही हे प्रमाण गाठून दाखवा, मग बोलू.

२००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते: तपासणी न झालेल्या गटात ६४, एचपीव्हीच्या गटात ३४. जगभरच्या तपासणीच्या धोरणांवर याचा परिणाम झाला. पण त्याच ६४ आकड्यावरून वादही पेटला. चौथ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांना आजाराची माहिती दिली होती, पण तपासणी दिली नव्हती. तपासणीचा उपयोग होतो हे पाश्चात्त्य देशांना आधीच माहीत असताना या बायकांना तिच्याशिवाय का ठेवलं, असं टीकाकारांनी विचारलं. बाजू घेणाऱ्यांचं उत्तर असं, की खेड्यात तेव्हा कुठलीच तपासणी होत नव्हती आणि इथल्या परिस्थितीत कोणती चालेल हे कुणालाच माहीत नव्हतं. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. मात्र त्या बायका प्यादी नव्हत्या, आणि त्यांना नेमकं काय कळलं होतं हा प्रश्न कुठल्याही आकड्याने बुजत नाही.

आणि आता त्याच भागाच्या शेजारी, बीडमध्ये, असा अभ्यास आखायचा झाला तर ‘गर्भाशय शाबूत’ या दोन शब्दांपाशीच थबकावं लागेल. ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलं. जिल्ह्याची लोकसंख्या बघून पात्र स्त्रियांचा अंदाज बांधणारा माणूस तिथे सपशेल फसेल.

इथवर आपण पेशंट मिळत नाहीत याची चर्चा केली. माझ्या मते आपल्याकडे त्याहून घोर प्रश्न दुसरा आहे: कधी कधी ते फार सहज मिळतात.

“तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर.” हे वाक्य ऐकून कच्चा कोऑर्डिनेटर खूश होतो आणि मुरलेला सावध. कारण हे म्हणणाऱ्याने आपण उपचार घेत आहोत असं धरलेलं असतं. डॉक्टर मला जे देतील ते माझ्या भल्याचंच असणार, असा त्याचा विश्वास. चाचणीत मात्र डॉक्टरलाही माहीत नसतं कोणता उपचार बरा, म्हणून तर चिठ्ठी टाकायची. ‘मला ठाऊक नाही’ हे आपल्या डॉक्टरच्या तोंडून ऐकायची आपल्या पेशंटला सवय नाही, आणि डॉक्टरलाही ते म्हणायची सवय नाही. जिथे महागडं औषध फुकट मिळण्याचा तोच एक रस्ता असतो, तिथे तर ‘नाही’ म्हणण्याला अर्थच उरत नाही.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या बडोदा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. पुढे काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण संमतीची कागदं बाहेर आली तेव्हा वेगळंच दिसलं. संसदीय समितीच्या अहवालानुसार आंध्रातल्या ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. आश्रमशाळेच्या वसतिगृहात शेकडो मुली एका जागी सापडतात. कुठल्याही तक्त्यात ही ‘उत्तम साइट’ दिसेल: प्रवास नाही, गळती नाही, एका दिवसात काम फत्ते. आईबाप मात्र चाळीस किलोमीटरवर.

यानंतर नियम कडक होत गेले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये संमती घेतानाचं चित्रीकरण करायला लावलं. पुढे ही सक्ती पूर्णपणे नवीन रसायनांच्या चाचण्यांतल्या दुर्बल गटांतल्या रुग्णांपुरती ठेवण्यात आली. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी चेहरा न घेता फक्त आवाज. २०१९ च्या नव्या नियमांत हेच कायम आहे. प्रत्येक चाचणीची सार्वजनिक नोंदणी तर २००९ पासूनच सक्तीची आहे. या नियमांमुळे भरती मंदावते अशी तक्रार उद्योगाकडून नेहमी येते. मंदावतेच. कॅमेऱ्यासमोर बाई बोलायला बिचकते, एकेका संमतीला तास-दीड तास जातो. पण तो तास तक्त्यात आधीच धरायचा असतो. तो धरला नाही हा कॅमेऱ्याचा दोष कसा?

आणखी एक वाक्य तक्त्यात धरायला हवं: “घरी विचारून सांगते.” परदेशी पुस्तकांत संमती ही एका माणसाची, एका बैठकीतली गोष्ट असते. आपल्याकडे पेशंट घरी जाते, नवऱ्याला सांगते, नवरा मेडिकल दुकानातल्या ओळखीच्या पोराला विचारतो, पुण्यातला दीर फोनवर म्हणतो की हे लोक प्रयोग करतात, तू भानगडीत पडू नको. चांगला कोऑर्डिनेटर या साखळीशी भांडत नाही. पहिल्या दिवशी सही मागतच नाही. माहितीपत्रक घरी देतो, आपला नंबर देतो, आणि पुढच्या वेळी दिराला किंवा मुलाला सोबत आणायला सांगतो. त्यात आठवडा जातो आणि काही नावं गळतात. जी राहतात ती चौदाव्या फेरीपर्यंत येतात.

सोपेपणाचीही किमया असते, तीही सांगायला हवी. १९८० च्या दशकात हृदयविकाराच्या झटक्यावर ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज तपासणाऱ्या ‘आयसिस-२’ या चाचणीत ४१७ रुग्णालयांतून १७,१८७ रुग्ण आले. गुपित एवढंच, की डॉक्टरला एक फोन करायचा होता आणि रुग्ण घरी जाताना एक साधा फॉर्म भरायचा होता. तोच धडा कोविडमध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने गिरवला. १९ मार्च २०२० ला पहिला रुग्ण आला, १६ जूनला डेक्सामेथासोन जीव वाचवतं हे जाहीर झालं. आपल्या आयसीएमआरनेही त्याच उन्हाळ्यात ३९ रुग्णालयांतून ४६४ रुग्ण घेऊन प्लाझ्माची चाचणी पुरी केली, आणि प्लाझ्माने फायदा होत नाही असं सांगितलं. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर रात्रंदिवस ‘ए पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा, अर्जंट’ असे निरोप फिरत होते. लोकांनी एकदा औषध चालतं असं मनाशी ठरवलं, की चिठ्ठीत आपल्याला ते न मिळण्याची जोखीम कोण घेईल? अशा वातावरणात ४६४ नातेवाइकांशी ते बोलणं कुणी तरी केलं.

आपल्या तीन हजारवाल्या डॉक्टरांकडे परत जाऊ. अनुभवी माणूस त्यांच्याकडून वर्षाचं वचन घेतच नाही. तो म्हणतो, सर, आकडा नंतर बोलू; आधी फक्त तीन महिने एक वही ठेवू या. समोर आलेला प्रत्येक मधुमेही, पात्र की नाही, नसेल तर कोणत्या अटीमुळे, आणि पात्र असून नको म्हणाला तर का. या वहीला सगळे स्क्रीनिंग लॉग म्हणतात, आणि तिचा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो किंवा ‘इच्छुक नाही’ एवढ्यावर भागवलेला. नीट भरला तर त्यात काय काय सापडतं: ‘सकाळची एसटी नाही’. ‘उपाशी राहिलं की चक्कर येते’. ‘मुलगा दुबईला, मे मध्ये येईल’. ‘मागच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात काही न सांगता रक्त घेतलं होतं’. आठ वाजताचं रक्त साडेनऊला घेता येईल का, हे कंपनीला विचारावं लागतं ते या रकान्यामुळे, आणि बहुधा घेता येतं. नव्वदाव्या दिवशीच्या शेवटच्या ओळीत एक बाई आहे, वय ५२, सगळ्या अटींत बसणारी. तिच्यापुढे कोऑर्डिनेटरने लिहिलंय, ‘घरी विचारून सांगते. सोमवारी जावेला घेऊन येणार.’